केक पॉप तडकतात, घसरतात, घामेजतात: नागपूरच्या हवेत काय करायचं

"ताई, रात्री बारापर्यंत बसून वाघाची तोंडं केली, सकाळी पाहते तं अर्ध्यांच्या कपाळाले भेगा! काऊन होऊन राहिलं असं?"

केक पॉप, म्हणजे केकच्या चुऱ्याचा गोळा काडीवर टोचून, कोटिंगमध्ये बुडवून केलेला खाऊ. तो करणाऱ्या जणींकडून अशा अर्थाचे निरोप मला वर्षभर येतात. सोबत फोटो, आणि फोटोखाली ठरलेला प्रश्न: कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घातलेलं, वितळवून कोटिंगला वापरायचं चॉकलेट) कोणतं वापरू? कुणी तोवर दोन-तीन कंपन्यांचं कंपाउंड बदलून पाहिलेलं असतं, कुणी इतवारीतलं दुकान बदललेलं असतं, कुणी मायक्रोवेव्हला दोष देऊन मोकळी झालेली असते. भेगा मात्र दर वाढदिवसाला नेमाने हजर.

माझं उत्तरही ठरलेलं आहे. कंपाउंड राहू द्या, आधी थर्मामीटर आणा. केक पॉपच्या चारातल्या तीन तक्रारी तापमानाच्या असतात. गोळा किती गार, कोटिंग किती गरम आणि खोलीतली हवा कशी, या तिघांचं जमलं नाही की भेग पडते, पॉप काडीवरून खाली येतो, नाहीतर त्याला घाम फुटतो. आणि नागपूरच्या हवेचं तर काय सांगावं! २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि डिसेंबरच्या शेवटी पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. अशा गावात व्हिडिओतलं "दहा मिनिटं बाहेर ठेवा" हे वाक्य बारा महिने लागू पडणार कसं? जानेवारीत दहा मिनिटांत गोळा जागचा हलत नाही, मे महिन्यात तितक्यात त्याचा शिरा होतो. म्हणून खाली मिनिटं कमी आणि अंश जास्त दिले आहेत.

थर्मामीटर म्हणजे टोकाशी सुई असलेला साधा डिजिटल. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाशी धरायची बंदूक असेल तर तिच्यात 'सरफेस' मोड आहे का पाहा. नुसत्या तापाच्या मोडवर ती कोटिंगचं तापमान भलतंच दाखवते. दोन्ही नसेल तर कोटिंगचा थेंब खालच्या ओठाला लावा. जेमतेम कोमट वाटला तर चाळीसच्या आसपास आहे. चटका बसला तर थांबा.

भेगा

आधी भेग नीट बघा, कारण प्रत्येक भेगेचं कारण वेगळं असतं.

काडीपासून डोक्यापर्यंत एक लांब, सरळ चीर गेली असेल तर गोळा फार गार होता. बहुतेक जणी गोळे फ्रीजरमध्ये ठेवतात, कारण कडक गोळा काडीवर छान बसतो आणि बुडवायला सोपा जातो. पण फ्रीजरमधला गोळा उणे पंधरा-अठरा अंशांवर असतो. त्यावर चाळीस अंशांचं कोटिंग गेलं की ते दोन-तीन सेकंदांत आवळून घट्ट होतं. बुडवणारीला वाटतं, वा, काय पटकन सेट झालं! नंतर आतला गोळा हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो आणि येताना फुगतो. बाहेरचं कवच तोवर कडक झालेलं, ते काही ताणलं जात नाही. मग ते जिथे सगळ्यात पातळ आहे तिथे फाटतं. म्हणूनच ही भेग बुडवताना दिसत नाही. तासाभराने किंवा रात्रीतून पडते, आणि तोवर डोळे, मिशा, पट्टे सगळं काढून झालेलं असतं.

उपाय असा. फ्रीजर विसरा, साधा फ्रीज वापरा. काडी टोचलेले गोळे झाकणाच्या डब्यात अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, आणि बुडवायच्या आधी एक गोळा बळी देऊन त्याच्या पोटात सुई खुपसा. १४ ते १८ अंश दाखवले तर बुडवायला घ्या. आठ-दहा दाखवले तर डबा बंद ठेवूनच बाहेर थांबा. हाताला गोळा गार लागला पाहिजे, पण टणक नाही, बोटाने दाबला तर किंचित दबला पाहिजे. कोटिंग ३८ ते ४२ अंशांत. या दोन आकड्यांतलं अंतर जितकं कमी, तितकी भेग कमी. अंतर अगदीच कमी केलं, म्हणजे गोळा २५ अंशांवर नेला, तर मात्र तो कोटिंगच्या पेल्यातच सुटून पडतो. मधली वाट काढावी लागते.

बारीक जाळीसारख्या भेगा असतील तर कोटिंग जाड आहे, किंवा लवकर सेट व्हावं म्हणून बुडवल्याबरोबर पॉप फ्रीजरमध्ये घातला आहे. हा मोह टाळा. उन्हाळ्यात कोटिंग सेटच होत नसेल तर तीन-चार मिनिटं साध्या फ्रीजमध्ये, आणि लगेच बाहेर.

काडीभोवती गोल चीर असेल तर काडी नंतर हलली आहे. काडी गोळ्यात अर्ध्यापर्यंत गेली पाहिजे, आणि टोचण्याआधी तिचं टोक सेंटिमीटरभर वितळलेल्या कंपाउंडमध्ये बुडवलेलं पाहिजे. तेवढं कंपाउंड आत घट्ट होऊन काडीला धरून ठेवतं. ही पायरी कंटाळा म्हणून गाळली जाते, आणि बुडवताना गोळा काडीवर गरगर फिरायला लागला की सगळ्यांना आठवते.

आणखी एक प्रकार आहे, त्याला लोक भेग म्हणतात पण ती भेग नसते. गुळगुळीत पॉपवर कुठेतरी टाचणीएवढं छिद्र पडतं आणि त्यातून तेलकट, तपकिरी मणी बाहेर येतो. गोळा वळताना फार घट्ट दाबला असेल, किंवा आत हवा अडकली असेल, तर गरम होताना आतली चरबी वाट शोधते आणि कोटिंगमध्ये राहिलेल्या एखाद्या फटीतून बाहेर पडते. ही फट बहुतेक वेळा काडीच्या बुडाशी असते, कारण पेला उथळ असला की गोळा पूर्ण बुडतच नाही. वाटी घेऊ नका. उंच, अरुंद पेला किंवा कॉफीचा मग घ्या आणि त्यात कंपाउंड पुरेसं असू द्या. वीस पॉपना साडेतीनशे-चारशे ग्रॅम लागतं. त्यातलं बरंचसं शेवटी उरतं, पण ते खोलीसाठी हवंच असतं. गोळा काडीच्या मुळापर्यंत, कोटिंगची कड काडीला टेकेल इतका, एकदाच सरळ खाली न्यायचा आणि सरळ वर काढायचा. आत ढवळायचा नाही.

घाम, आणि आपला कूलर

आता नागपूरचा खास रोग.

फ्रीजमधून काढलेला पॉप पाच मिनिटांत ओला होतो, निळा रंग बोटांना लागतो, डोळे गालांवर ओघळतात. यात कंपाउंडचा काही दोष नाही. हवेतली वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसते, एवढंच. ती कोणत्या तापमानाला बसायला लागेल हे हवेत ओल किती आहे त्यावर ठरतं, त्याला दवबिंदू म्हणतात. पॉप त्याहून गार असेल तर घाम येणार, नसेल तर येणार नाही.

मे महिन्यातली कोरडी दुपार घ्या. बाहेर ४२ अंश, आर्द्रता १५ टक्के. दवबिंदू साधारण १० अंशांवर येतो. म्हणजे अशा हवेत फ्रीजमधला पॉप फारसा घामेजणारच नाही, तो सरळ वितळेल. आता त्याच घरात वाळ्याच्या जाळ्या लावलेला मोठा कूलर सुरू करा. खोली २८ अंशांवर आली, जिवाला बरं वाटलं, पण आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात गेली. दवबिंदू चढून २४ अंशांवर. आता फ्रीजमधून काढलेला प्रत्येक पॉप भिजणार म्हणजे भिजणार. "उन्हाळ्यात हवा कोरडी असते ना, मग पाणी कुठून आलं?" असं विचारणाऱ्या बहुतेक जणींच्या खिडकीत कूलर असतो.

एसीची गोष्ट उलटी. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १३ च्या आसपास. पॉप पंधरा अंशांवर आला की सुटला.

म्हणून एसी असेल तर सगळं काम त्याच खोलीत करा, स्वयंपाकघराचा हट्ट सोडा. फक्त कूलर असेल तर वेगळा डाव खेळावा लागतो: एकदा कोटिंग झालं की पॉप फ्रीजमध्ये घालायचाच नाही. कंपाउंड ३३-३५ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. कूलरच्या २८ अंशांत ते टिकतं. जो पॉप गारच झाला नाही त्याला घाम कुठून येणार? मात्र यासाठी आतलं मिश्रण बाहेर टिकणारं हवं, त्याबद्दल पुढे लिहिते. आणि बुडवण्यासाठी गार केलेले कोरे गोळेही ओले होतात हे लक्षात ठेवा. डबा फ्रीजमध्येच ठेवून चार-पाच चार-पाच गोळे बाहेर काढा, आणि बुडवताना कूलर बंद करून नुसता पंखा ठेवा. ओल्या गोळ्यावर कोटिंग धरत नाही. वर फोड येतात आणि पेल्यातलं उरलेलं कंपाउंडही बिघडतं.

पॉप फ्रीजमध्ये ठेवणं भागच असेल, क्रीमचं मिश्रण असल्यामुळे म्हणा किंवा पार्टी दुसऱ्या दिवशी म्हणून म्हणा, तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडू नका. पाणी डब्याच्या बाहेरच्या अंगाला जमेल, ते पुसून टाका. आतले पॉप खोलीच्या तापमानाला आले की झाकण काढा. चेहरे बघायच्या उत्साहात घरातलं कुणीतरी डबा उघडतंच. डब्यावर कागद चिकटवा, आजोबांसाठी मोठ्या अक्षरात.

पावसाळ्यात, तान्ह्या पोळ्याच्या सुमारास वगैरे, कूलर असो नसो हवाच ओली असते. ३० अंश आणि ८० टक्के म्हटलं तर दवबिंदू २६. त्या दिवसांत फॉन्डंटचे, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याचे, कान-नाक करू नयेत असं माझं मत आहे. साखर ओल ओढते, तासाभरात कान चिकट होऊन लोंबतात. त्याऐवजी मॉडेलिंग चॉकलेट करा: २०० ग्रॅम वितळलेल्या पांढऱ्या कंपाउंडमध्ये ६० ग्रॅम कोमट लिक्विड ग्लुकोज, हलक्या हाताने जेमतेम एकत्र होईपर्यंत, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर. फार ढवळलं तर तेल सुटतं. सुटलंच तर गार झाल्यावर मळून घ्या, बरंचसं परत आत जातं.

आणि नवतपा. रोहिणी नक्षत्र लागल्यावरचे ते नऊ दिवस. एसी नसलेल्या घरात या दिवसांत कोटिंगचे केक पॉप करू नका, स्पष्ट सांगते. रात्रीसुद्धा तीसच्या खाली न उतरणाऱ्या खोलीत कंपाउंड नीट कडक होत नाही, आणि नेमकी वीज गेली तर विचारायलाच नको. बाळाचा वाढदिवस मे महिन्याच्या शेवटी असेल तर कुल्फीवर डोळे-नाक काढा. पोरं जास्त खूश होतात.

काडीवरून घसरणं

इथे निम्मा दोष तापमानाचा आणि निम्मा मिश्रणाचा.

बेकरीतून आणलेल्या आयत्या केकचे पॉप करायचे असतील तर साखरेचा पाक न मारलेला कोरा स्पंज मागा. पाकात भिजलेल्या, मधे क्रीम असलेल्या केकचा चुरा केला तर तो आधीच ओला असतो, त्यात आणखी क्रीम घातलं की लगदा. नागपुरात बहुतेक ऑर्डरी एगलेसच्या असतात. कंडेन्स्ड मिल्क आणि दह्याचा एगलेस केक मुळातच ओलसर असतो, त्याला बांधणी आणखी कमी लागते. ५०० ग्रॅम चुऱ्याला ८० ते १०० ग्रॅम गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मिश्रण) किंवा कंडेन्स्ड मिल्क-लोणी हा माझा अंदाज. एगलेस असेल तर साठ ग्रॅमपासून सुरुवात करा आणि चमच्या-चमच्याने वाढवा. केकचा तपकिरी झालेला वरचा पापुद्रा आणि कडा काढून टाका. त्या मिश्रणात विरघळत नाहीत, गुठळ्या राहतात, आणि गुठळीच्या जागी गोळा फुटतो.

बेसनाचे लाडू वळताना तूप किती पुरेसं झालं हे जसं हाताला कळतं तसंच इथेही. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, उघडल्यावर तो तसाच राहावा, तळव्याला तेलाची चमक राहू नये. चमक राहिली तर चुरा वाढवा. केक संपला असेल तर साध्या बिस्किटांचा बारीक चुरा चालतो.

आयत्या नॉनडेअरी व्हिप क्रीमने बांधणी करणं मला पटत नाही. त्यात हवा आणि पाणी दोन्ही असतं. गोळा सुरुवातीला छान हलका लागतो, पण रात्रीतून पाणी चुऱ्यात मुरतं आणि सकाळी पॉप काडीवर वाकलेले असतात. शिवाय तो बाहेर टिकत नाही. कूलरच्या खोलीत जो पॉप फ्रीजविना ठेवायचा आहे त्याला कंडेन्स्ड मिल्क आणि लोण्याची बांधणी बरी. तीही आदल्या रात्रीची किंवा त्याच दिवशी सकाळची, दोन दिवस आधीची नको. क्रीम, चीज, ताजी फळं आत असतील तर फ्रीजला पर्याय नाही.

फळांवरून आठवलं. संत्र्याचा स्वाद हवा म्हणून रस घालणाऱ्या खूप आहेत. गावच संत्र्यांचं, मोह होणारच! पण रस म्हणजे पाणी. साल किसून घाला, फक्त वरचा केशरी थर, बारीक किसणीवर, आणि तो साखरेत चोळून मग मिश्रणात. आतला पांढरा भाग आला की कडू होतं. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोललेल्या सालीवरून किसायला गेलं तर पांढरं येतंच, म्हणून अख्ख्या फळावरच किसा.

वजन २५ ते २८ ग्रॅम. तराजूवर मोजा, डोळ्यांनी नको. एकदा चाळीस ग्रॅमच्या घरात गेलात की चार मिलिमीटरची कागदी काडी त्याला पेलत नाही. मुलांना मोठ्ठं तोंड आवडतं हे खरं, पण मोठा गोळा पाहिजे तर काडीचा नाद सोडून तो कपात बसवा. काड्या कागदाच्या किंवा लाकडाच्याच घ्या. प्लॅस्टिकच्या कँडीच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि सजावटीचं थर्माकोलही त्याच यादीत आहे, त्यामुळे पॉप उभे करायला थर्माकोलचा ठोकळाही नको. घरातली भाजी धुवायची मोठ्या भोकांची चाळण पालथी घाला, काड्या सुरेख उभ्या राहतात. नाहीतर बुटांच्या खोक्याच्या झाकणाला पेचकसाने भोकं पाडा.

कोटिंग घट्ट होतं, रंग बिघडतो

पातेल्यात पाणी उकळून वर वाडगा ठेवून वितळवत असाल तर वाफेचा एक थेंबही आत जाता कामा नये. थोडंसं पाणी गेलं की कंपाउंड दाणेदार, घट्ट गोळा होऊन बसतं. मग त्याचं कोटिंग होत नाही. केकच्या गनाशमध्ये वापरा, वाया जात नाही. गॅस बंद करूनच वाडगा ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर वीस-तीस सेकंद, ढवळा, परत. पांढरं कंपाउंड पन्नासच्या वर गेलं की जाड आणि निस्तेज होतं, ते मग पुन्हा पातळ होत नाही.

पाण्यातला जेल रंग घातला तरी तेच होतं. "एकच थेंब तर घातला होता!" हो, तो एकच पुरतो. कंपाउंडला तेलात मिसळणारा किंवा पावडर रंग लागतो. पाकिटावर रंगाचं नाव वाचा. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यात टार्ट्राझिन, सनसेट यलो, ब्रिलियंट ब्लू वगैरे येतात. चकाकीच्या डबीवर नुसतं 'विषारी नाही' असं लिहिलं असेल आणि 'खाण्यायोग्य' लिहिलं नसेल तर ती मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

पांढरं कंपाउंड खरं तर पिवळसर असतं. त्यात निळा घातला की हिरवटपणा येतो आणि आपला निळा बोका पोपटाच्या वाटेला जातो. सुईच्या टोकाएवढा जांभळा घाला, निळा जागेवर येतो. रंग तासाभराने गडद होतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा फिकाच ठेवा. लाल गडद करायला इतका रंग ओतावा लागतो की कडवट लागतं. लालासाठी आयतं लाल कंपाउंड घ्यावं, माझा तरी यात कधी आग्रह नसतो.

पातळ करायला खोबरेल घालतात. दोनशे ग्रॅमला चमचाभर ठीक आहे, पण हंगाम बघा. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास वितळतं. न्हाणीघरातली बाटली जानेवारीत घट्ट असते आणि मार्चपासून पाण्यासारखी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे उन्हाळ्यात ते कोटिंगमध्ये जाऊन कोटिंगलाच मऊ करतं. तेव्हा थोडं वनस्पती तूप वापरा, ते जास्त तापमानाला तग धरतं. आणि मुलांच्या खाऊतलं उरलेलं दुधाचं चॉकलेट कंपाउंडमध्ये ढकलू नका. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर आणि कंपाउंडमधली वनस्पती चरबी यांचं जमत नाही. मिश्रण मऊ राहतं आणि दुसऱ्या दिवशी वर पांढुरके चट्टे येतात.

चेहरे

लहान मुलांचं पाहणं अचूक असतं. कान एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालेले त्यांना चालतात, पण रंग चुकला की "हा तो नाहीच" असं तिथेच जाहीर होतं. त्यामुळे आधी रंग, मग डोळ्यांची जागा, बाकी सगळं कमी करा. गुलाबी डुकराला लांब नाक आणि दोन भोकं पुरतात. लाडू खाऊन ताकद येणाऱ्या धोतरातल्या पोराला शेंडी आणि टिळा असला की ओळखू येतो. हातपाय, बेल्ट, गदा यांच्या मागे लागाल तर पहाट होईल.

कान बुडवण्याआधी लावायचे की नंतर, यावर बराच गोंधळ असतो. वाघाचे, मांजराचे छोटे कान बुडवण्याआधी लावा: चॉकलेट चिप किंवा भोपळ्याची सोललेली बी गोळ्यात अर्धी खुपसायची आणि मग सगळं एकत्र बुडवायचं. कोटिंगखाली कान डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसतो आणि पडत नाही. मोठे, गोल, पातळ कान नंतर, वितळलेल्या कंपाउंडच्या थेंबाने चिकटवा.

दोन रंगांचा चेहरा, म्हणजे निळं डोकं आणि पांढरं तोंड, जमत नाही अशी तक्रार फार येते. वरून ब्रशने पांढरा रंगवत बसलं की कड खडबडीत होते, निळा वर येतो. उलटं करा. पूर्ण गोळा आधी पांढऱ्यात बुडवा, सेट होऊ द्या. मग निळं कंपाउंड ३६-३७ अंशांवर आणा, जास्त गरम असलं तर खालचा पांढरा विरघळेल. पॉप आडवा, चेहरा छताकडे करून धरा आणि डोक्याची मागची बाजू निळ्यात टेकवत टेकवत बुडवा, चेहऱ्याचा गोल मोकळा राहील एवढंच. बाहेर काढून त्याच स्थितीत मनगटावर दोन-तीन हलके टोले द्या म्हणजे जास्तीचं निथळेल. सरळ उभा केलात तर निळा ओघळून तोंडावर येतो. अर्धं मिनिट आडवाच ठेवा, ओघळ थांबला की उभा. कड कात्रीने कापल्यासारखी येते.

टोले नेहमी मनगटावर द्यावेत, काडी पेल्याच्या काठावर आपटू नये. पॉप निम्म्या वेळा तिथेच पडतात.

डोळे-मिशा डार्क कंपाउंडने, बटर पेपरच्या कोनाने. खाण्याच्या शाईचं पेन कंपाउंडवर चालत नाही, तेलकट पृष्ठभागावर शाई थेंब थेंब होते. फॉन्डंटच्या कोरड्या चकतीवर ते लिहितं, तेव्हा डोळे चकतीवर काढून चिकटवले तर चालतील. आणि सगळी कारागिरी पॉप खोलीच्या तापमानाला आल्यावरच करा. गार पॉपवर काढलेली रेघ लगेच आवळते आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रा होऊन सुटते.

भेग पडलीच तर वाघाचा पट्टा तिच्यावरूनच ओढा. मिशी, कपाळावरचे केस, टोपी, हे सगळं त्यासाठीच आहे. फक्त बारा तास वाट पाहून ओढा, भेग वाढायची असेल तर तोवर वाढून घेते.

नेताना

मनीषनगरहून सदरपर्यंत न्यायचे असतील तर पॉप उभे नेऊ नका. खोक्यात आडवे, बटर पेपरच्या पट्ट्यांत, काड्या एका बाजूला. सगळ्यात वाईट जागा म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी. एसी सुरू करून गाडी आधी गार करा, मग खोकं मागच्या सीटच्या खाली ठेवा. हॉलवर पोहोचल्यावर टेबल पंख्याखाली आणि खिडकीपासून लांब मागा, फोटोवाल्याच्या मोठ्या दिव्याजवळ तर अजिबात नको. पार्टी संध्याकाळी सहाची असेल तर पॉप साडेसातला मांडा. आधी मांडले तर मुलं हात लावतात, आणि एप्रिल-मे मध्ये सहाला बाहेर चटका असतोच.

तीन-चार वर्षांखालची मुलं असतील तर पॉप काडीवरून काढून चार तुकडे करून ताटलीत द्या. गोल, चिकट घास घशात अडकू शकतो, आणि काडी तोंडात धरून पळणारं पोर हा वेगळाच धोका. चांदीसारखे दिसणारे कडक साखरेचे मणी लहानांच्या पॉपवर लावू नका. आणि आत शेंगदाणा, काजू, बदाम असेल तर आल्या-आल्या पालकांना सांगा.